दीडशे ग्रॅमचा कस्तुर, पाचशे किलोचं अस्वल

९ नोव्हेंबर, रविवार

आज कोंड्यानं माझी पार शोभा केली! भर देवळापुढं, अख्ख्या भाऊकीसमोर!

मांडवगणच्या नव्या देवळाला कलश मी दिला. मिरवणुकीचा ट्रॅक्टर मी सजवला. माणसं उन्हात तापतील म्हणून शिरूरहून टेम्पो भरून बर्फाच्या लाद्या नेल्या आणि पाण्याच्या टाक्यांत सोडल्या. माझंच गार पाणी प्यायले, आणि ओव्यांचा ढोल सुरू झाल्यावर मलाच हसले!

राहू गावच्या भाऊबंदांच्या बाजूनं हा माझा सख्खा थोरला भाऊ लंगडत पुढं आला. कानावर हात ठेवला आणि लागला —

कस्तुर केवढा? मुठीत मावंल तेवढा!
अस्वल केवढं? दारात मावंना एवढं!
कस्तुर हाकारी, सारं रान ऐकतं —
अस्वलाच्या कानात बर्फ साचतं!

अस्वल कोण हे सांगायची गरजच नव्हती. माझ्या कारखान्याच्या भिंतीवर पांढरं अस्वल, टेम्पोवर अस्वल, पावतीवर अस्वल. अस्वल छाप बर्फ! आणि कस्तुर कोण, तेही भाऊकीतल्या बारक्या पोराला ठाऊक आहे.

हसून सोडून द्यायला हवं होतं. एरवी सोडलं असतं, मी काय कमी चेष्टेखोर आहे? पण उठलो. म्हणालो, "त्या दिवशी मला कस्तुरच वाटला! चव्वेचाळीस वर्षं सांगतोय!"

ढोल थांबला. कोंड्या म्हणाला, "मग उचल की भंडारा. चंपाषष्ठीला. देवापुढं सांग कस्तुर वाटला, आन् मग माझ्याबरुबर तळी उचल."

मच्छिंद्र आबा भाऊकीत सगळ्यांत वडील. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झाले, पण डबल बेल द्यायची सवय गेली नाही. त्यांनी लगेच बेल दिली — "ठरलं! आजवर तुम्ही दोघांनी दोन तळ्या उचलल्या. नव्या देवळात एकच. हरिबा, भंडारा उचलणार असशील तर ये. न्हाईतर तळीला हात लावू नको!"

माझ्या कलशाखाली मलाच हात लावू नको!

सतरा दिवस आहेत.

१० नोव्हेंबर

डोकं अजून तापलेलं. लिहून काढतो म्हणजे निवेल.

तेव्हा मी सतराचा, कोंड्या विसाचा. दिवाळी करून मेंढरं कोकणात उतरवत होतो. भीमाशंकराच्या पलीकडं घाटाची उतरण. एक मेंढी घळीत घसरली, तिच्यामागं कोंड्या उतरला. मी कळप घेऊन पुढं. आप्पा — आमचे वडील — खाली मुक्कामाच्या जागी घोडी घेऊन गेलेले.

मागून शीळ आली. एकदा. मग परत. मग बऱ्याच वेळा.

त्या जंगलात कस्तुर असतो. ओढ्याकाठचा काळानिळा पक्षी, शीळ घालतो ती हुबेहूब माणसासारखी. नवखा माणूस वळून बघतो, कोण बोलावतंय म्हणून. मी नवखा नव्हतो. मी वळून बघितलं नाही.

कोंड्या दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला. दगडाखाली पाय. पाय वाचला पण आखूड झाला.

माणसं विचारायला लागली, तुला शीळ ऐकू आली न्हाई का रं? मी म्हणालो, आली, पण कस्तुर वाटला. आप्पांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि सगळ्यांना सांगितलं, "हऱ्या म्हंतोय कस्तुर, तर कस्तुरच आसंल." विषय मिटला. आप्पांपुढं बोलायची कुणाची छाती होती!

कोंड्याला मेंढरामागं चालणं जमेना, म्हणून मेंढरं माझ्याकडं आली. मी ती विकून शिरूरला एसटी स्टँडबाहेर बर्फाची हातगाडी लावली. आज कारखाना आहे. कुणाच्या बापाच्या जिवावर नाही, स्वतःच्या हिमतीवर!

यात माझा गुन्हा काय?

१२ नोव्हेंबर

ओवी मोबाईलवर फिरतेय. स्टँडवरच्या रसवंतीवाल्यानं मला बघून शीळ घातली. मी मोठ्यांदा हसलो, त्याच्या पाठीवर थाप मारली, रस प्यायलो. कान मात्र तापलेले होते.

१४ नोव्हेंबर

ओवीला ओवीनंच उत्तर देणार. चंपाषष्ठीला तळीच्या आधी ढोल वाजणारच, तेव्हा उभा राहीन. सून अंकिता शाळेत सायन्स शिकवते. तिला म्हणालो, "मला दोन जनावरांची सगळी माहिती काढून दे. कस्तुर आणि पांढरं अस्वल. वजन, खाणं, राहणं, सगळं."

"मामा, यांची तुलना कशी करणार? एक आपल्या सह्याद्रीतला पक्षी, एक उत्तर ध्रुवावरचं. आयुष्यात भेटायचे नाहीत."

म्हटलं, "ते भेटतात, मांडवगणला."

१६ नोव्हेंबर, रविवार

अंकितानं वहीत मधोमध रेघ मारून आणली. डावीकडं कस्तुर, उजवीकडं अस्वल. मी खुर्चीत, बायको म्हाळसा खाली मेथी निवडत. अंकिता वाचत गेली आणि मी खूश होत गेलो.

कस्तुराचं वजन दीडशे ग्रॅम! बास! माझ्या अस्वलाचं पाचशे किलो. म्हणजे एका पारड्यात अस्वल बसवलं तर दुसऱ्यात तीन हजारांवर कस्तुर लागतील. तेवढे कोंडिबा राहूत मावायचे नाहीत. कस्तुर खातो काय? किडे, गोगलगायी, ओढ्यातले खेकडे. अस्वल सील मारतं — सील म्हणजे समुद्रातलं रेड्याएवढं चरबीचं पोतं. कस्तुर ओढा सोडून लांब जात नाही, अस्वल बर्फावर महिनोन् महिने एकटं हिंडतं, समुद्र पोहून जातं. कुणाला हाक मारत नाही, कुणाची वाट बघत नाही. मला फार आवडलं. म्हटलं, हे तर मीच!

शिकार करायची त्याची रीत तर ऐकत राहावी अशी. सीलला श्वास घ्यायला बर्फात भोक लागतं. अस्वल त्या भोकाशी जाऊन बसतं. तासन् तास, हूं नाही की चूं नाही. खालून श्वास आला की पंजा! असं बसायला जमतं त्याचाच धंदा होतो. मीही बसलोय — समोरचा बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं.

"आणि मामा, गंमत म्हणजे त्याचे केस पांढरे दिसतात, पण खाली कातडी काळी कुळकुळीत असते."

"ते राहू दे. ओवीत नको."

मग तिनं डावीकडची शेवटची ओळ वाचली. "कस्तुर गातो — उन्हाळ्यापासून पावसाळा सरेपर्यंत. हिवाळ्यात त्याचं गाणं बंद असतं."

मी म्हणालो, "ही ओळ खोड."

"का मामा? बरोबर आहे ती, मी दोन ठिकाणी बघितली."

"बरोबर असंल. ओवीत महिने सांगत बसत नाहीत कुणी. खोड."

तिनं खोडली. म्हाळसाचे हात मेथीवर थांबले होते. तिचं माहेरही मेंढरंवाल्यांचं, सात वर्षांची होईपर्यंत घोड्यावर बसून कोकणात जायची. माझ्याकडं बघितलं नाही तिनं. जुडी सोडली आणि परत निवडायला लागली.

१७ नोव्हेंबर

म्हाळसानं जेवण वाढलं, पण बोलली नाही. भाजीत मीठ जास्त होतं. मुकाट्यानं खाल्लं.

उत्तर जुळवलं —

किडं टिपून टिपून कस्तुर किती खाईल?
अस्वलाचा पंजा पडता कस्तुर कुठं जाईल?
वढ्याच्या काठानं किती करशील शीण?
अस्वलाच्या राज्यात तुला ओळखतंय कोण!

कारखान्यात दोनदा मोठ्यांदा म्हणून बघितलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पगार मी देतो, वाजवणारच.

२० नोव्हेंबर

कोंड्या आज आला होता! झेंडूचे क्रेट घेऊन मार्केट यार्डात आलेला, तिथून रिक्षा करून सरळ माझ्या गेटवर. आत नाही आला. काठी टेकून भिंतीवरचं अस्वल बघत उभा. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा इथवर.

मी बाहेर गेलो. "काय बघतोस?"

"रेडकू बघतोय."

यात त्याचं थोडं खरं आहे. पहिल्या पेंटरनं अस्वल कधी बघितलेलंच नव्हतं, त्यानं गोठ्यातलं रेडकू काढून पांढरं रंगवलं. तेच नशिबाला लागलं म्हणून मी बदललं नाही. पण ते याच्या तोंडून ऐकायचं?

"अस्वल हाय ते."

"व्हय? मग कान कुठं गेलं त्येचं?"

"त्याचे कान बारीकच असतात. थंडीत मोठे कान परवडत नाहीत."

"परवडत न्हाईत. खरं हाय." तो हसला. दात गेलेत बरेच. "आन् हऱ्या, बर्फ इतळला म्हंजी अस्वलाचं काय हुतं? टीव्हीवर दावत हुते. हाडं निघालेली, उकिरडा हुंगत फिरतंय."

"तू तुझं बघ."

"माझं बघतोच की. माझा वढा हाय माझ्याजवळ."

तेवढ्यात आतला आवाज बदलला. कॉम्प्रेसर चालूच होता, पण त्यात बारीक टिकटिक मिसळली. मी तिथूनच ओरडलो, "रामसेवक! दुसरे का व्हॉल्व देख, बैठ नहीं रहा!" आतून रामसेवक ओरडला, "हाँ सेठ, वही है!"

कोंड्यानं भिंतीकडं बघितलं. मग माझ्याकडं. म्हणाला, "भिंतीपल्याडच्या मशिनीचा कंचा खिळा दुखतोय ते ऐकू येतंय तुला."

एवढंच. आवाज चढवला नाही. मी नुसता खिशातल्या किल्ल्या चाचपत राहिलो, मी! ज्यानं भल्याभल्या व्यापाऱ्यांना गेटवरच्या गेटवर परत पाठवलं, त्यानं!

रिक्षात बसता बसता म्हणाला, "ती मेंढी ठावं हाय का तुला? जिच्यामागं उतरलो हुतो ती. पायावर दगड, आन् मेंढी उराशी धरलेली. तिच्या उबंवर रात काढली म्या. तू इकली ना ती पुढं? कपाळावर पांढरा टिळा हुता बघ."

हो. विकली. टिळा आठवतो.

कशाला आला होता? नुसता डिवचायला! लंगड्या पायानं वीस मैल येऊन डिवचणारा माणूस! असा दीर्घद्वेषी जीव मी जन्मात बघितला नाही.

२१ नोव्हेंबर

नंतर आणखी एक पान लिहिलं होतं. सकाळी फाडलं. बारीक तुकडे करून, लाद्या गोठवायच्या मिठाच्या पाण्याच्या टाकीशेजारच्या गटारात सोडले. वहीलाही सगळं सांगायचं नसतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

म्हाळसा आज बोलली. पूजेच्या खोलीतून, माझ्याकडं पाठ करून.

"अवं, भंडारा उचलायचाच हाय का?"

"का नको? खरं बोलणाऱ्यानं का भ्यायचं?"

"तळी राहू द्या यंदा. आजारी हाय म्हना."

"कलश माझा आहे तिथं! मी घरी बसायचं आणि तो लंगडा मिरवणार? लोक काय म्हणतील?"

"लोकं काय म्हंत्यात त्येचं मी काय इचारलं?"

घंटी जरा जोरात वाजवली.

लोकांचं मला भय नाहीच. मेंढरामागं हिंडलेली माणसं भाऊकीत आता उरलीत किती? पोरं रांजणगावच्या कंपनीत. मच्छिंद्र आबांनी एसटीच्या खिडकीतून जेवढं बघितलं तेवढंच जंगल. त्यांना कस्तुर आणि कावळा शेजारी बसवला तरी सांगता येणार नाही. म्हणजे भंडारा उचलल्यावर 'थांब' म्हणणारा कुणी नाही. सगळा हिशोब माझ्या बाजूनं आहे.

एक कोंड्या सोडून.

पण तो चव्वेचाळीस वर्षं एकच वाक्य बोलतोय — "म्या शीळ घातली, त्येनं ऐकली." त्याच्या पुढचं कधी बोलला नाही. सुचलंच नसेल. दीडशे ग्रॅमचं डोकं ते!

२५ नोव्हेंबर

उचलणार. भंडारा म्हणजे हळदच. रोज भाजीत पडते.

२६ नोव्हेंबर, चंपाषष्ठी

झालं! सुटलो! जसं झालं तसं लिहितो.

अकराला मांडवगणला पोचलो. देऊळ माणसांनी भरलेलं. म्हाळसा बायकांत जाऊन बसली. ढोलवाल्यानं माझ्याकडं बघून भुवई उडवली, ओवी कधी म्हणून. मी गळ्याला हात लावला, घसा बसलाय असं खुणावलं. खोटं नव्हतं.

मच्छिंद्र आबांनी तळीचं ताम्हन मध्ये ठेवलं. विड्याची पानं, सुपाऱ्या, खोबऱ्याच्या वाट्या. शेजारी भंडाऱ्याची परात. इतका पिवळा रंग मी कधी बघितला नव्हता. आबा मोठ्यांदा म्हणाले, "हरिबा, पुढं ये. मूठभर भंडारा घे, कपाळाला लाव आन् खरं काय ते देवाला सांग. त्या दिवशी तू काय ऐकलंस?"

समोर कोंड्या. काठी बाजूला टाकून, आखूड पाय दुमडून बसलेला. माझ्याकडंच बघत होता. तो इतकी वर्षं याचीच वाट बघत होता. अस्वल बसतं ना भोकाशी, तसा. मला वाटलं, अस्वल कोण आणि भोकाखाली कोण, हे आपण उलटंच धरलं की काय.

मी हात पुढं केला. बोटं भंडाऱ्याला लागली. थंड होता.

"थांब," कोंड्या म्हणाला.

मी गेलोच होतो! म्हटलं, आता हा बोलणार. सगळं बोलणार. इतकी वर्षं राखून ठेवलं ते आज, देवापुढं, माझ्या कलशाखाली.

त्यानं माझं मनगट धरून बाजूला केलं. स्वतः परातीत हात घातला, मूठ भरली, कपाळाला लावली. भंडारा त्याच्या भुवयांवर, मिशीवर सांडला. म्हणाला —

"देवा, त्या दिशी घळीत कस्तुर शीळ घालत हुता. म्या माझ्या कानानं ऐकला. माझी शीळ आन् त्येची शीळ एकात एक मिसळली. हऱ्याला वळखू आली न्हाई. त्येचा दोष न्हाई. आजपातूर म्या उगा राग धरला."

मग मच्छिंद्र आबा ओरडले, "येळकोट येळकोट!" पाच जणांनी ताम्हनाला हात लावला. कोंड्याचा हात माझ्या हाताशेजारी. सदानंदाचा येळकोट! तीनदा उचललं. भंडारा उधळला. लोकांनी आम्हा दोघांना एकमेकांच्या अंगावर ढकललं, फोटो काढले.

त्या गर्दीत मी त्याच्या कानाशी म्हणालो, "का केलंस?"

त्यानं मिशीवरची हळद पुसली. डोळ्यांत माया-बिया काही नव्हती, तोच जुना खार होता. म्हणाला, "तुझ्यासाठी न्हाई केलं. आईनं इथं नवस करून दोघं मागितलं हुतं. तिच्या देवापुढं खोटं बोलायला एक जन बास झाला." आणि काठी उचलून चालायला लागला. जेवायलाही थांबला नाही.

जिंकलो की! भाऊकीनं माझी बाजू मानली. आबांनी श्रीफळ दिलं. आता शिरूरपासून राहूपर्यंत कुणी शीळ घालून दाखवावी!

गाडीत म्हाळसा मागं बसली. एरवी पुढं बसते. न्हावरा फाट्याच्या पुढं आल्यावर म्हणाली, "थोरल्यांनी पदरात पाप घेतलं."

"कुणाचं?"

तिनं पदरावर सांडलेला भंडारा टिपून कपाळाला लावला.

२७ नोव्हेंबर

पहिल्याच शिळेला ओळखली होती. कस्तुर दिवाळीनंतर गात नाही — मी नऊ वर्षांचा असताना, त्याच ओढ्यावर, मला खांद्यावर बसवून हे कोंडिबादादानंच शिकवलं होतं.